तीन वर्षांचे रहिवासी

“ताई, तुम्ही दोन-तीन वर्षांचे पाहुणे. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता?”

भावसिंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतले एक काका हे बोलले तेव्हा त्यांच्या आवाजात माया होती. टँकरचं पाणी कुणाला कधी आणि किती, याची बैठक चालली होती. खालच्या मजल्यांची पिंपं भरेस्तोवर टँकर रिकामा होतो आणि वरच्या भाडेकरूंपर्यंत पाइप पोचतच नाही, तेव्हा क्रम पाळीपाळीने बदलावा, एवढंच मी सुचवलं होतं. काका रागाने बोलले असते तर मी तिथल्या तिथे उत्तर देऊन मोकळी झाले असते. मायेने बोलले म्हणून ते वाक्य मनात रुतून बसलं. त्यात एक सिद्धान्त आहे आणि तो एकट्या काकांचा नाही. गावाविषयी बोलण्याचा हक्क गावात काढलेल्या वर्षांवरून ठरतो, असं आपण सगळेच मनातल्या मनात धरून चालतो.

मला ते जास्त लागण्याचं आणखी एक कारण होतं. याआधी पंजाबात, राजस्थानात राहिलो तेव्हा परकेपणा गृहीतच धरला होता. तिथली बोली आपली नव्हती. छत्रपती संभाजीनगरची बदली आली तेव्हा वाटलं, आता आपल्या माणसांत चाललो. साताऱ्याकडच्या माझ्या कानांना इथलं ‘करायलेत’, ‘जायलेत’ सुरुवातीला नवं वाटलं, पण होती ती मराठीच. आपल्याच भाषेत पाहुणं ठरलं की ते अधिक झोंबतं.

फौजी कुटुंबाची बदली कशी असते हे बहुतेकांना ठाऊक आहे. मूव्ह ऑर्डर, रेल्वेचं वॉरंट, नंबर-रँक-नाव पांढऱ्या रंगात लिहिलेल्या काळ्या पेट्या, मुलांचे दाखले, क्वार्टरसाठी नंबर लागेपर्यंत बाहेर भाड्याची खोली. त्याचं वर्णन करत बसत नाही. मला त्यातला एकच भेद महत्त्वाचा वाटतो आणि इतक्या बदल्यांनंतर तो पक्का झाला आहे: सामान हलतं, ओळखी हलत नाहीत.

सामान हलवण्याची व्यवस्था आपल्या देशाने फार विचाराने केली आहे. पेट्यांचीच नव्हे, मुलांच्या शिक्षणाचीसुद्धा. १९६३ साली वीस रेजिमेंटल शाळा हाती घेऊन केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली, ती बदलीच्या नोकरीतल्या लोकांच्या मुलांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून. माझी मुलगी राजस्थानातल्या केंद्रीय विद्यालयातून इथल्या केंद्रीय विद्यालयात आली आणि तिचं गणिताचं पुस्तक तेच राहिलं, धडासुद्धा जवळपास तोच. कॅन्टीन तसंच, एमआय रूम म्हणजे छावणीतला दवाखाना तसाच, चुन्याने रंगवलेले रस्त्याकडेचे दगडही तसेच. हे सारखेपण मला नेहमीच फार मोठं वरदान वाटत आलं आहे. उपटलेल्या संसाराला पहिल्या आठवड्यात धरायला काहीतरी लागतं, ते त्यातून मिळतं.

ओळखींचं मात्र तसं नाही. मध्यरात्री मुलाला ताप चढला तर गल्लीत कुणाचं दार वाजवायचं, शाळा सुटायला उशीर झाला तर कुठला रिक्षावाला पाच मिनिटं थांबतो, छावणीच्या गुरुवारच्या बाजारात कुठल्या मावशी उरलेल्या पैशांचा हिशेब पुढच्या गुरुवारपर्यंत लक्षात ठेवतात, नळाला पाणी येणार असल्याची पहिली खबर कुणाला लागते. यातलं काहीही पेटीत भरून आणता येत नाही. आणि माणूस गावचा होतो तो याच ओळखींमुळे. आधार कार्डावरचा पत्ता बदलून कुणी गावचं होत नाही.

आता काकांचा सिद्धान्त. वर्षं मोजून हक्क द्यायचा, असं म्हणणाऱ्याने हे शहर निदान निवडू नये. १६१०च्या सुमारास इथे खडकी वसवली ती मलिक अंबरने. तो अबिसिनियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, लढता लढता निजामशाहीचा सूत्रधार झालेला माणूस. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणण्याची जी करामत इथले लोक आजही अभिमानाने सांगतात, ती नहर-ए-अंबरी त्याचीच. म्हणजे शहराच्या पाण्याचा पहिला मोठा विचार केला तो समुद्रापलीकडून आलेल्या एका फौजी माणसाने. त्याच शहरात पाण्याच्या बैठकीत फौजीच्या बायकोने गप्प बसावं, हे कुठल्या न्यायाने?

आणि नुसता मलिक अंबर नाही. मोगलांच्या दख्खनच्या मोहिमांबरोबर राजपूत सरदार आपापली पथकं घेऊन आले आणि शहराच्या कडेने त्यांचे पुरे वसले. करणपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा, पदमसिंहाचा. जयसिंगपुरा मिर्झाराजांचा, जसवंतपुरा जोधपूरच्या जसवंतसिंहाचा. ज्या भावसिंगपुऱ्यात काका मला पाहुणी म्हणाले, तो बुंदीच्या राव भावसिंहाचा. ही सगळी माणसं इथे हुकुमाने आली होती; आजच्या बोलीत सांगायचं तर पोस्टिंगवर. करणपुऱ्यातल्या तुळजाभवानीचं मंदिर करणसिंहाच्या काळचं असल्याचं सांगतात. नवरात्रात तिथे भरणाऱ्या यात्रेला सगळं शहर लोटतं, आणि देवी कुणाबरोबर आली, किती वर्षांसाठी आली, असं कुणी विचारत नाही.

इथे थोडं आडवाटेला जाते, कारण हा विषय डोक्यात आला की मला तिकडे गेल्याशिवाय राहवत नाही. १३२७ साली मुहंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. शाळेत ती गोष्ट आपण लहरी राजाचा वेडेपणा म्हणून शिकलो. सगळी दिल्ली ओस पडली होती हे आता इतिहासकार मानत नाहीत. आले ते मुख्यतः दरबारी, अधिकारी, धर्मपंडित, सूफी आणि त्यांचे परिवार. काही वर्षांनी परतीची मुभा मिळाली तेव्हा बरेच परत गेले, काही राहिले. निजामुद्दीन औलियांचे शिष्य शेख बुऱ्हानुद्दीन गरीब इथेच राहिले. त्यांची कबर खुलताबादला आहे. लग्नकार्यात मोठ्या देगांमधून शिजणारं इथलं नान खलिया तुघलकाच्या लष्कराबरोबर आलं, असंही लोक सांगतात. हे सगळं वाचताना मी शोधत असते ते त्या परिवारांतल्या बायकांना. विंध्य आणि सातपुडा ओलांडून, नर्मदा-तापी उतरून, तान्ही मुलं कडेवर घेऊन ज्या इथवर आल्या, त्यांनी देवगिरीच्या पायथ्याशी पहिल्या दिवशी कुणाकडे पाणी मागितलं असेल? दूध कुठे मिळतं हे त्यांना कुणी सांगितलं असेल? सुलतानाच्या हुकुमाची नोंद झाली, सूफींच्या उपदेशांची झाली, या विचारण्याची झाली नाही. पण एखादं शहर माणसांना आत घेतं ते या विचारण्यातून आणि त्याला मिळणाऱ्या उत्तरातून, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

इथवर मी काकांना निरुत्तर केलं, असं मला वाटलं होतं. पण याच उदाहरणांकडे पुन्हा पाहिलं आणि त्यातला कच्चा दुवा दिसला. मलिक अंबर परत गेला नाही. करणसिंह १६६९ मध्ये इथेच वारला. बुऱ्हानुद्दीन इथल्याच मातीत गेले. त्यांनी शहराला जे दिलं ते राहून दिलं. आम्ही राहत नाही. पुढची ऑर्डर निघेल आणि काळ्या पेट्या पुन्हा बांधल्या जातील. मग वर्षं मोजणारे काका बरोबरच म्हणायचे का?

कायदासुद्धा त्यांच्या बाजूने उभा आहे, आणि तोही विलक्षण भाषेत. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं विसावं कलम सांगतं की सैनिक नोकरीत नसता तर जिथे राहिला असता, तोच त्याचा नेहमीच्या वास्तव्याचा मतदारसंघ मानावा. त्याच्याबरोबर राहणाऱ्या पत्नीलाही हेच लागू. ‘पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ यायला, म्हणजे स्त्री अधिकाऱ्याच्या नवऱ्याचा विचार व्हायला २०२१ची दुरुस्ती लागली. पाणी मी भावसिंगपुऱ्यातलं भरते, पण कायद्याच्या नजरेत राहते सातारा जिल्ह्यातल्या एका गावात.

या कलमामागची माया मला कळते. माझं माहेर अपशिंगे मिलिटरीपासून फार लांब नाही. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावचे ४६ जवान कामी आले. आमच्या भागात घरातला माणूस पंधरा-वीस वर्षं बाहेर असला तरी तो गावचाच असतो. जत्रेची वर्गणी त्याच्या नावाने निघते, बांधाच्या भांडणात त्याचं मत फोनवर विचारलं जातं. कायद्याने ती रीत मान्य केली आणि टपाली मतदानाने सीमेवरच्या माणसाचं गावाशी नातं शाबूत ठेवलं. पण याचाच दुसरा अर्थ असा की नसलेल्या माणसाला गावचं मानण्याची युक्ती आपल्याला उत्तम जमते, आणि समोर असलेल्या माणसाला गावचं मानण्याची मात्र जमत नाही.

दारही अगदी बंद नाही. शांतता क्षेत्रात, म्हणजे पीस स्टेशनवर असलेल्या सैनिकांना तिथले सर्वसाधारण मतदार म्हणून नाव नोंदवू द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या मार्चमध्ये सांगितलं. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच होते, म्हणजे तिथे नाव असेल तर नगरसेवक निवडण्यातही आपला वाटा. तरी आमच्या ओळखीच्या कुटुंबांत हे फारसं कुणी केलेलं मला दिसलं नाही. कारण उघड आहे. मत गावाकडे ठेवलं की आपण गावाकडचे राहतो; इथे आणलं की तिथली एक दोरी सुटते. ओळखी आम्ही गावाकडे जपतो आणि नव्या शहराकडे मागतो फक्त सोयी. हे लक्षात आलं तेव्हा काकांशी भांडण्याचा माझा सूर बदलला. पाहुणेपण ते माझ्यावर लादत होते हे खरं, पण ते पत्करण्यात आमचीही सोय होती.

आणि म्हणूनच छावणीच्या त्या सारखेपणाबद्दलचं माझं मतही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. ते वरदान आहेच, पण पहिल्या आठवड्यापुरतं. त्यानंतर तेच सारखेपण आपल्याला गावापासून वाचवू लागतं, आणि ज्याला गावापासून वाचवलं त्याला गाव भेटत नाही. क्वार्टरचा नंबर लागायला उशीर झाला म्हणून मी हळहळत होते. आता वाटतं, गल्लीत राहिले नसते तर पाण्याच्या बैठकीला गेलेच नसते आणि हा प्रश्न माझा झालाच नसता. देशभरातल्या छावण्यांमधला नागरी भाग शेजारच्या पालिकांमध्ये विलीन करण्याचं धोरण केंद्राने घेतलं आहे. २०२३ मध्ये हिमाचलातल्या योलपासून त्याची सुरुवात झाली. बाजारपेठा, जुनी घरं, जिथे फौजी आणि शहरी माणूस रोज एकमेकांना भेटत होता तो भाग शहराकडे जाईल आणि उरलेला भाग निव्वळ लष्करी ठाणं होईल. कारभाराच्या दृष्टीने ते योग्य असेलही. पण मग भेट आपोआप होणार नाही, ती ठरवून करावी लागेल.

तीन वर्षांचा माणूस रहिवासी कसा होऊ शकतो, या प्रश्नाला मला सापडलेलं उत्तर असं आहे. काका माणसागणिक वर्षं मोजतात. पण छावणी या शहरात काल आलेली नाही. १८५७च्या जूनमध्ये इथल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने बंड केलं. त्या शिपायांना जिथे शिक्षा झाली तो काळा चबुतरा म्हणजेच आजचा क्रांती चौक. तेव्हापासूनच काय, त्याही आधीपासून इथे कुणी ना कुणी फौजी कुटुंब राहत आलं आहे. माझ्या खोलीत माझ्याआधी एक फौजी कुटुंब होतं, माझ्यानंतर बहुधा दुसरं येईल. यातलं कुणीही एकटं इथलं नाही, पण ही सलग रांग मात्र शहरातल्या पुष्कळ घरांपेक्षा जुनी रहिवासी आहे. मुदत माझी संपते, रांगेची संपत नाही.

पण रांगेला हक्क हवा असेल तर तिला स्मरण हवं, आणि तिथे आम्ही कमी पडतो. पलटणीत कुणीही चार्ज दिल्याशिवाय जागा सोडत नाही. कोठारातली एकेक वस्तू मोजून, सही करून पुढच्याच्या हवाली होते. घरं हलवणाऱ्या आम्ही बायका मात्र काहीच हवाली करत नाही. माझ्याआधीच्या बाईला पाण्याची तीच अडचण नक्की आली असणार. ती कुणाशी बोलली, काय ठरलं, काय मोडलं, यातलं काही माझ्यापर्यंत आलं नाही, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अशा सुरुवातींना गल्ली कंटाळते, आणि प्रत्येक नव्या भाडेकरूला पाहुणं म्हणून बसवून ठेवते. त्यात गल्लीचा दोष थोडा आहे, आमचा जास्त.

तेव्हा माझं मागणं दोन्हीकडे आहे. शहराने वर्षं विचारू नयेत. अडचण वाटून घेतो का, एवढं विचारावं. जो पाण्याच्या रांगेत उभा आहे त्याला पाण्याविषयी बोलता आलं पाहिजे. आणि आम्ही, मुलांचा शाळाप्रवेश आणि गॅसची नोंदणी करतो त्याच आठवड्यात मतदार यादीचा अर्जही भरावा, निदान घरातल्या एकाने तरी. जाताना पुढच्या कुटुंबाला ओळखींचा चार्ज द्यावा: माणसांची नावं, अर्धवट राहिलेली कामं, कुणाला दिलेला शब्द. गाव गेल्याने इतकं तुटत नाही, जितकं न सांगता गेल्याने तुटतं. जी जागा आपण पुढच्याच्या हाती नीट देऊ शकतो, ती तेवढ्या काळापुरती आपलीच होती, आणि तेवढ्या काळापुरती तिची जबाबदारीही पूर्ण आपली होती.