कुपीतला वाळा

सुगंधावर मालकी सांगता येते का? प्रश्न पुस्तकी वाटेल. पण बारामती-इंदापूरकडे तो दर जुम्म्याला मशिदीत हजर असतो. अत्तर एकाने लावलेले, दरवळ साऱ्या सफेला. शेजारी कारखान्याच्या मळीचा वास अंगावर घेऊन आलेला कामगार असला तरी त्यालाही त्यातला वाटा मिळतोच.

आता श्रीमंती बाजारात मोजक्याच बाटल्या काढून प्रत्येकीवर क्रमांक घालतात. आत वाळा, चंदन, ऊद असा हिरवा, लाकडी गंध. बाहेर कोरीव काच. हा शौक जुना आहे. १८५३ साली पॅरिसच्या गेर्लांने सम्राज्ञी युजेनीसाठी मधमाश्यांच्या नक्षीची बाटली घडवली. पुढे रने लालिकने कोटीच्या सुगंधांसाठी काच घडवली. त्याच्या जुन्या बाटल्या रिकाम्यासुद्धा लिलावात विकल्या जातात.

कारागिराला त्याचे मोल मिळावे, याबद्दल तक्रार नाही. खटकते ती दुर्मिळता. वाळा म्हणजे आपण उन्हाळ्यात माठात टाकतो तीच मुळे. कनौजला ती तांब्याच्या डेगीत उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. ढीगभर मुळांतून तेल निघते थोडेसेच, तांब्याच्या संगतीने हिरवट झालेले. चंदनतेलात उतरवले तर अत्तर, काही न मिसळता निघाले तर ‘रूह’. उर्दू शिकवणाऱ्याला हा शब्द सहज ओलांडून जाता येत नाही. ही दुर्मिळता मुळांची आणि मेहनतीची आहे. क्रमांकाची दुर्मिळता मात्र ठरवून केलेली. तिची किंमत इतरांना ती मिळू नये यातच आहे. म्हणून बाटली उघडायची नाही, सील फुटले की भाव उतरतो!

आपल्याकडच्या चांदीच्या गुलाबदाण्याही काही कमी देखण्या नव्हत्या. पण त्या पाहुण्यांवर रित्या करण्यासाठी होत्या. हदीसमध्ये चांगल्या सोबत्याला कस्तुरी विकणाऱ्याची उपमा आहे. त्याच्याकडून काही घ्या वा न घ्या, सुवास तर मिळतोच. उपमा विकणाऱ्याची आहे, साठवणाऱ्याची नव्हे, हे मला महत्त्वाचे वाटते.

तरी न उघडलेल्या प्रत्येक बाटलीला इसराफ म्हणून मोकळे होता येत नाही. आपल्या गावांतल्या कितीतरी घरांत आखातातून आलेली अत्तराची पेटी शोकेसमध्ये तशीच असते. पाहुण्यांना दाखवण्याचा थोडा सोस त्यात असेलही. पण पाठवणारा मुलगा दोन-दोन वर्षे घरी येत नाही, आणि आईला ते सील फोडवत नाही. संग्राहक भावासाठी झाकण लावून ठेवतो, ही माऊली वाट पाहण्यासाठी. दोन्ही बाटल्या बंदच. पण मला त्या एका पारड्यात घालता येत नाहीत.

तो आल्यावर पेटी उघडते. शेजारच्या पोरांच्याही मनगटांना बोट लागते. कुपी रिती झाली तरी फेकत नाहीत. लोखंडी पेटीत कपड्यांच्या घडीत ठेवतात, आणि पुढच्या ईदला ते कपडे बाहेर निघतात.