कर्ता एक, भोक्ता दुसरा

कर्मसिद्धांतावर बोलावयास उभे राहिले की एक प्रश्न हमखास येतो. "महाराज, मागच्या जन्मी मी काय केले ते मला आठवत नाही. मग त्याचे फळ माझ्या माथी का?" प्रश्न खोटा नाही. शास्त्रकारांनी त्याचा विचार केलेला आहे. परंतु अलीकडे अमेरिकेतील एका चित्रमालिकेने हाच प्रश्न अशा रीतीने उभा केला आहे की, नेहमीचे उत्तर देताना जीभ जरा अडखळावी.

मालिकेचे नाव 'सेव्हरन्स', म्हणजे तोडून वेगळे करणे. डॅन एरिक्सन नावाच्या लेखकाची ही कल्पना. पहिले पर्व २०२२ साली आले, दुसरे २०२५ साली. माझ्या नातवाने ती मोबाइलवर लावून दिली आणि भाषा अडली तेथे समजावून सांगितले.

ल्यूमन नावाची एक कंपनी आहे. ती नोकरांच्या मेंदूत एक बारीकशी चिप बसविते. लिफ्टने कामाच्या मजल्यावर उतरले की घरची आठवण बंद. संध्याकाळी परत वर आले की कामाची आठवण बंद. देह एकच, पण आठवणींचे कप्पे दोन. बाहेरच्याला पगार, घरदार, रविवार. आतल्याला नुसते काम. संध्याकाळी लिफ्टचे दार मिटते आणि उघडते तो दुसरी सकाळ! झोपेचा परिणाम शरीराला जाणवतो, पण झोप त्याच्या अनुभवात नाही. आमच्याकडे जागृती, स्वप्न, सुषुप्ती अशा तीन अवस्था सांगतात. या बिचाऱ्याच्या वाट्याला जागृतीच तेवढी ठेवलेली. आणि काम तरी कसले? पडद्यावर आकडे फिरतात, त्यांतले जे पाहून मनाला भीती वाटेल ते वेचून डब्यात टाकावयाचे. कशासाठी, ते कुणी सांगत नाही.

नायक मार्क हा इतिहासाचा प्राध्यापक. बायको जेम्मा मोटार अपघातात गेली असे त्याला कळविलेले. दुःख सोसवेना, म्हणून दिवसाचे काही तास तरी सुटावे या हेतूने तो ही शस्त्रक्रिया करून घेतो. आता पाहा, सुटतो कोण? बाहेरच्या मार्कला ते तास आलेच नाहीत. त्याच्या जागी दुसरा एक जीव उभा राहिला, आणि त्याला ना बायको, ना तिचे दुःख, ना सूर्य.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत एक नवे प्रकरण घातले. त्यात त्याने विचारले आहे की, एकाच देहात दिवसा एक जाणीव आणि रात्री दुसरी नांदली, नि एकीला दुसरीची वार्ता नसली, तर ती माणसे दोन म्हणावयाची की एक? त्याचा कौल दोन असा. म्हणजे ही चिप यावयाच्या आधी सव्वातीनशे वर्षे साहेबाने खटला चालवून ठेवला होता.

आपले नैयायिक निराळ्या वाटेने जातात. चिंच नुसती दिसली तरी तोंडाला पाणी सुटते. पाहणारा डोळा, पाझरणारी जीभ. या दोघांना जोडणारा कुणी एक आत असल्याशिवाय हे घडेल कसे? तेव्हा ज्ञाता एक. आणि स्मृती गेली तरी संस्कार उरतो. मालिकेत याचा फार हृदयद्रावक दाखला आहे. ऑफिसात मार्कच्या हाती माती देतात, तर तो नकळत एक झाड घडवितो. अपघात ज्या झाडापाशी झाला, तेच ते झाड! आणि समोर बसलेली बाई कोण? ती जेम्माच. मेली नव्हती, कंपनीने तिचीही स्मृती तोडून तिला तेथे ठेवली होती. दोघे समोरासमोर, मध्ये मातीचे झाड, आणि ओळख नाही.

तर आता प्रश्न असा की, ज्ञाता एक म्हटले तर अन्याय कुणावर झाला? मार्कनेच सही केली, मार्कच राबतो. ल्यूमनचा वकील आमचीच पोथी आमच्यापुढे धरील की हो! "महाराज, आत्मा एकच म्हणता ना? मग तक्रार कसली?"

येथे नीट पाहिले पाहिजे. साक्षी एक असेल. पण सुखदुःख भोगणारा जीव अंतःकरणाच्या उपाधीने वेगळा होतो, असे वेदान्तच सांगतो. चिपेने अंतःकरणच चिरले, तेव्हा व्यवहारात 'मी' म्हणणारे दोन झाले. परमार्थात पगारही नाही आणि लिफ्टही नाही. पगार व्यवहारात मोजून घ्यावयाचा आणि दुःखाचा हिशेब तेवढा परमार्थात मांडावयाचा, ही शुद्ध लबाडी झाली.

शास्त्रात दोन दोष सांगितले आहेत: कृतहान आणि अकृताभ्यागम. केले त्याचे फळ बुडणे, न केले ते पदरी येणे. सृष्टीत हे दोष येऊ नयेत म्हणून आत्मा नित्य मानावा लागतो, असा युक्तिवाद. ल्यूमनने तेच दोष विकावयास काढले! एका पुढाऱ्याची बायको प्रसूतीसाठी ही युक्ती करते. कळा सोसल्या एकीने, मूल मांडीवर घेतले दुसरीने. कळा सोसणारीला मूल कधी दिसायचे? दुसऱ्या पर्वात जेम्मासाठी अनेक खोल्या केल्या आहेत, प्रत्येक खोलीत तिचा एक निराळा 'मी'. त्यांतली एक खोली दातांच्या डॉक्टरची. त्या 'मी'चा अवघा जन्म म्हणजे ती खुर्ची.

हेली नावाची मुलगी आतून राजीनामा मागते. तिचीच बाहेरची मूर्ती चित्रफितीवरून ठणकावते की माणूस मी आहे, तू नाहीस. पोरगी अखेर लिफ्टमध्ये गळफास लावून घेते; वाचते म्हणून ठीक. आणि बाहेरची निघते कोण, तर मालकाची लेक! जिच्या वतीने सही करावयाची तिला विचारावयाची सोयच नाही, तेथे संमती हा शब्दच कसा लावायचा? देह स्वतःचा असला म्हणून काय झाले?

आमच्याकडे चिपेवाचूनही असे चालते. गल्ल्यावरचा मी वेगळा आणि देवघरातला वेगळा मानणारे गृहस्थ थोडे नाहीत. पण त्यांचे दोन्ही 'मी' एकमेकांना ओळखतात, म्हणून रात्री झोप लागत नाही. असो.

राहिला श्रोत्यांचा प्रश्न. मागच्या जन्मीचा कर्ता आज कुठे बसून माझ्या कष्टांवर पगार खात नाही. माझी विस्मृती कुणी करारात लिहून घेतलेली नाही. बाळपणी प्यालेले दूध मला आठवत नाही, पण त्यावर वाढलेली हाडे माझीच आहेत. आतल्या मार्कचे तसे नाही. त्याचे दूध दुसराच पितो, आणि तो दुसरा जिवंत आहे.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी हे दोघे मार्क चित्रफितींवरून एकमेकांशी बोलतात. बाहेरचा गोड बोलतो: जेम्माला सोडव, मग आपण दोघे एक होऊ. आतला विचारतो, एक झाल्यावर माझे काय उरेल? याचे हेलीवर प्रेम बसलेले, आणि बाहेरच्याला तिचे नावदेखील धड घेता येत नाही. तेथेच आतल्याचा विश्वास उडतो. तरी तो जेम्माला दारापर्यंत आणून बाहेर काढतो. ती पलीकडून हाका मारते. तो उंबरठा ओलांडला की याचा 'मी' संपणार, आणि पाठीमागे हेली उभी. तो परत फिरतो. मला त्याला दोष देववत नाही. पण दारावर थापा मारीत राहिलेल्या त्या बाईने कुणाचे केलेले भोगले, हे कुणी मला सांगेल काय?