खोटी पत्रे, खरी शंका

मराठी पत्रकारितेचा इतिहास सांगायला बसले, की डोंगरीचा तुरुंग टाळून पुढे जाता येत नाही. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघून जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्यांचे संपादक आगरकर आणि टिळक दोघेही सव्विशीच्या आसपासचे, आणि वाट्याला १०१ दिवसांची कैद. पत्रकारदिनाच्या भाषणांत ही कथा त्यागाची म्हणून येते, आणि ते आत का गेले हे ‘कोल्हापूरच्या महाराजांची बाजू घेतली म्हणून’ एवढ्यावर उरकले जाते. मला कुतूहल आहे ते या उरकलेल्या भागाचे.

कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज तेव्हा अगदी तरुण होते. संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली रावबहादुर माधवराव बर्वे पाहत. महाराजांना वेड लागले आहे, असे सरकार म्हणत होते. वेडाचे निमित्त करून त्यांचा छळ चालला आहे, असे पुण्यात बोलले जात होते. १८८१च्या अखेरीस बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रे पुढे आली आणि कुजबुजीला कागदाचा आधार मिळाला. ‘केसरी’, ‘मराठा’ यांनी बर्व्यांवर तोफ डागली. ‘ज्ञानप्रकाश’ही या प्रकरणात होताच. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि मुंबईच्या न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, पण फिर्यादीने ती पुरेशी मानली नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून ते २६ ऑक्टोबरला सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. (टिळकांसाठी दहा हजारांचा जामीन दिला तो जोतीराव फुल्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी. पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचे कप्पे आपण समजतो तितके तेव्हा बंद नव्हते.)

गोष्ट इथे संपली असती, तर निकाल सोपा होता: उतावळे संपादक फसले. पण २५ डिसेंबर १८८३ रोजी, सुटकेनंतर सव्वा वर्षाच्या आत, अहमदनगरला ठेवलेल्या महाराजांचा मृत्यू झाला, तोही ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जराशी झालेल्या झटापटीत. हा सोल्जर महाराजांच्याच तैनातीला होता. पुण्याची शंका अगदीच वाऱ्यावरची नव्हती, हे त्या दिवशी कळले.

यावर आपल्याकडे ठरलेले उत्तर आहे: ‘शेवटी खरेच निघाले ना!’ मला हे उत्तर मान्य नाही. महाराज सुरक्षित नव्हते हे खरे निघाले. अमुक पत्र बर्व्यांनी लिहिले हे खरे निघाले नाही, आणि आरोप त्या पत्रांच्या बळावर होता. माधवराव बर्वे कसेही असोत, न लिहिलेल्या पत्रांचे ओझे त्यांच्या माथी मारण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. दुसरी गोष्ट मला याहून गंभीर वाटते. पत्रे खोटी ठरली तेव्हा त्यांच्याबरोबर मूळ प्रश्नही बुडाला. त्यानंतरचे वर्षभर ‘महाराज कसे आहेत?’ असे कोणी विचारले असते, तर सरकारला सांगायला आयते उत्तर होते, की या भानगडीचा निकाल कोर्टात लागला आहे. हा माझा तर्क आहे, पण खोट्या पुराव्याची सर्वांत मोठी किंमत ज्याच्यासाठी लिहिले त्यानेच मोजली, असे मला वाटत आले आहे.

त्याच मुंबईत वीस वर्षे आधी दुसरा खटला गाजला होता. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती वृत्तपत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनी वल्लभ संप्रदायातल्या महाराज म्हणवणाऱ्या धर्मगुरूंच्या अनाचारावर लिहिले. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजारांचा दावा लावला. इथेही विषय तितकाच नाजूक होता, आणि समोर अख्खी जात उभी होती. पण करसनदासांनी साक्षीदार उभे केले. डॉ. भाऊ दाजींसारख्या माणसाने पिंजऱ्यात उभे राहून, वैद्य म्हणून स्वतःला काय ठाऊक आहे ते सांगितले. १८६२मध्ये न्यायालयाने करसनदासांचा मुख्य आरोप ग्राह्य धरला. धैर्य दोन्हीकडे सारखेच होते; एकाच्या दप्तरात साक्षीदार होते, दुसऱ्याच्या दप्तरात कोणीतरी आणून दिलेले कागद.

कागद आणून देणारा माणूस हा संपादकाच्या खोलीतला जुना पाहुणा आहे. तो घाईत असतो, त्याला नाव नको असते, आणि त्याने आणलेले बहुधा आपल्याला आधीच वाटत असलेल्या गोष्टीशी तंतोतंत जुळते. सावध व्हायचे ते इथेच. अस्सल की नक्कल, हाताला कसे लागले, अक्षर ओळखणारा तिऱ्हाईत कोण, हे बाहेर आल्याने फायदा कोणाचा, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे काय: या चौकशीला एखादा आठवडा जातो. तो आठवडा सत्ताधाऱ्याच्या भीतीपोटी गेला तर तो भेकडपणा, हेही खरे. पण कारण न्याय्य आहे म्हणून चौकशीला फाटा देण्याची मुभा मिळत नाही. उलट अशा वेळी ती दुप्पट करावी लागते, कारण समोरचा पक्ष तुमच्या एका चुकीची वाटच पाहत असतो.

आज पाहुणा खोलीत येत नाही, तो मोबाइलवर येतो. स्क्रीनशॉट, ऑडिओ क्लिप, कोणा अधिकाऱ्याच्या सहीचे पत्र. वाहिन्यांनी त्यावर तोडगा काढला आहे: दिवसभर क्लिप दाखवायची आणि खाली बारीक पट्टी लावायची, की या क्लिपच्या सत्यतेची आम्ही पुष्टी करत नाही. आगरकर-टिळकांनी निदान त्या पत्रांवर विश्वास ठेवून लिहिले होते, आणि खोटी ठरल्यावर माफी मागून शिक्षाही भोगली. इथे विश्वासही नाही आणि जबाबदारीही नाही. आरोप पहिल्या पानावर आणि खुलासा आतल्या पानावर नाटकांच्या जाहिरातींशेजारी, ही वृत्तपत्रांची रीतही याच घराण्यातली.

तेव्हा वाचकांना एक विनंती. ‘पुष्टी करत नाही’ ही ओळ जिथे दिसेल, तिथली बातमी पुढे पाठवू नका. आणि जमल्यास संपादकाला दोन ओळी लिहून विचारा, की खात्री नव्हती तर दाखवली कशाला?