पेशीची वंशावळ आणि धाराशिवचा पुरावा

सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात, हे वाक्य शाळेत पाठ करून आपण पेशीसिद्धान्त संपवतो. त्या सिद्धान्ताचा खरा दम मला दुसऱ्या वाक्यात दिसतो: प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते. पहिल्या वाक्यातून शरीर कशाचे आहे ते कळते, दुसऱ्याने शरीरातल्या प्रत्येक कणाला भूतकाळ मिळतो. आणि भूतकाळ आहे म्हटल्यावर, आजार उघड होण्याआधी त्याला गाठण्याचा अवधीही असतो. हा अवधी किती जीव वाचवू शकतो, याचा आकड्यांतला पुरावा जगाला मिळाला तो उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांतून.

हे दुसरे वाक्य सहजासहजी हाती लागलेले नाही. रॉबर्ट हूकने 1665 साली बुचाच्या कापात पाहिले ते मेलेल्या पेशींचे रिकामे कप्पे होते. श्लायडेनने 1838 मध्ये वनस्पतींबद्दल आणि श्वानने 1839 मध्ये प्राण्यांबद्दल सिद्धान्त मांडला, पण नव्या पेशी द्रवातून स्फटिकासारख्या घडतात अशीच दोघांची समजूत होती. वाढत्या गर्भातल्या पेशींचे विभाजन चिकाटीने पाहून रॉबर्ट रेमाकने ती समजूत खोडली. पेशी पेशीपासूनच येते हा विचार फिर्शोने 1855 मध्ये सूत्रात बांधला आणि 1858 च्या व्याख्यानांत थेट आजारांना लावला. याचा कर्करोगापुरता अर्थ फार मोठा होता. गाठ बाहेरून येत नाही, ती आपल्याच एखाद्या पेशीची बिघडलेली संतती असते, आणि अशा कित्येक पिढ्या झाल्याशिवाय गाठ हाताला लागत नाही.

गर्भाशयाच्या मुखाशी, ज्याला बायका पिशवीचे तोंड म्हणतात तिथे, ही वंशावळ विशेष स्पष्ट वाचता येते. छोट्या चपट्या पट्टीने तिथल्या पेशी खरवडून काचपट्टीवर पसरतात, अल्कोहोलमध्ये स्थिर करून रंगवतात. निरोगी पृष्ठपेशी पसरट दिसते, गुलाबी किंवा निळसर हिरवी, मधोमध ठिपक्याएवढे केंद्रक. बिघाड सुरू झाला की केंद्रक फुगते, गडद होते, कडा वेड्यावाकड्या होतात, काही पेशींत केंद्रकाभोवती रिकामे वलय उमटते. पापानिकोलाऊने 1943 मध्ये ट्राउटसोबत लिहिलेल्या पुस्तकाने ही तपासणी जगभर नेली. पण हा बिघाड कशाने होतो ते कळायला आणखी चाळीस वर्षे लागली. हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाला 1983 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींत एचपीव्ही-16 या मानवी पॅपिलोमा विषाणूचा डीएनए सापडला, पुढच्याच वर्षी एचपीव्ही-18. हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून 1951 मध्ये घेतलेल्या हेला पेशी आजही प्रयोगशाळांतून वाढत आहेत, आणि त्यांच्या प्रत्येक पिढीत एचपीव्ही-18 चा डीएनए उतरत आला आहे. सातबारावर आजचा कब्जेदार दिसतो, तो कब्जा कसा आला हे फेरफार सांगतो. काचपट्टी आणि विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी यांच्यात नेमका हाच फरक आहे. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ जातो. पेशीचे रूप बदलण्याआधीच विषाणू ओळखता आला, तर तो सगळा काळ आपल्या हातात राहतो.

धाराशिवमध्ये तपासले गेले ते हेच. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने 1987 पासून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालवली होती. त्या पायावर, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह, 1999 मध्ये धाराशिव जिल्ह्यात अभ्यास सुरू झाला. 52 ग्रामसमूहांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या. एका गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पेशीतपासणी, तिसऱ्याला व्हिनेगरसारखे सौम्य अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटातल्या 34,126 स्त्रियांपैकी 34 जणी या कर्करोगाने दगावल्या, तर चौथ्या गटातल्या 31,488 पैकी 64. मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर आला होता. पेशीतपासणी आणि डोळ्यांनी केलेली पाहणी यांच्या गटांत मृत्यू लक्षणीयरीत्या घटले नाहीत. आणखी बोलका आकडा चाचणी निर्दोष आलेल्या स्त्रियांचा आहे: इतर दोन चाचण्यांत निर्दोष ठरलेल्यांना पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण एचपीव्ही-निर्दोष स्त्रियांच्या चौपटीहून अधिक होते.

यावर कोणी म्हणेल, मग पेशी पाहण्याची विद्याच हरली, जिंकला तो जंतुसिद्धान्त. मला तसे वाटत नाही. हा विषाणू पेशीबाहेर काहीच करू शकत नाही. त्याचे सगळे नुकसान पेशीच्या वंशातून पुढे सरकते, म्हणूनच एका चाचणीचे उत्तर वर्षानुवर्षे पुरते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: इतर तपासण्यांनीही जीव वाचतात. तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यात एकदाच केलेल्या अॅसिटिक आम्लाच्या पाहणीने मृत्यू घटले, मुंबईच्या वस्त्यांत तीच पाहणी दर दोन वर्षांनी केल्यावरही घटले. पाश्चात्त्य देशांत पेशीतपासणीनेही हेच साधले. ते खरे आहे, पण ही पाहणी करणाऱ्याच्या नजरेवर फार अवलंबून असते, आणि पेशीतपासणीचे यश वारंवार तपासण्यात आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन उसाच्या फडावर जाणारी आणि उन्हाळ्यात परतणारी बाई ठरल्या तारखेला पुन्हा येईलच, या भरवशावर योजना आखता येत नाही. तिच्यासाठी एकदा केली तरी पुरून उरणारी चाचणीच हवी.

तिसरा आक्षेप मला टाळता येत नाही. पेशीतपासणीचा उपयोग जगाला ठाऊक असताना 31,488 स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का? हा प्रश्न वैद्यकीय नीतीच्या व्यासपीठांवर जाहीरपणे विचारला गेला आहे. त्या काळी जिल्ह्यात अशी तपासणी नियमित होतच नव्हती आणि या स्त्रियांना ती कुठे मिळेल हे सांगितले होते, असे उत्तर दिले जाते. मला ते अपुरे वाटते. उणीव आधीपासून होती म्हणून ती मोजत राहण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. तरी चौथ्या गटाशिवाय एकदाच केलेल्या पेशीतपासणीची मर्यादा इतकी उघड झाली नसती, हेही मान्य करावे लागते. हे ज्ञान त्या बायकांच्या जिवाच्या मोलाने आले आहे, आणि ते देणे फेडायचे तर ते वापरावेच लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या मार्गदर्शनात एचपीव्ही डीएनए चाचणीलाच पहिली पसंती दिली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये देशातल्या 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी अवघ्या 1.9 टक्क्यांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी एकदा तरी झाली होती. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीला एचपीव्ही चाचणी आणि तिच्यामागून लागणारे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळायला हवेत, आणि त्याची सुरुवात धाराशिव जिल्ह्यातल्या परांडा, भूम, कळंब, वाशी तालुक्यांपासून व्हायला हवी. ग्रामसभांनी तसा ठराव करून तो जिल्हा परिषदेपुढे ठेवावा.