आम्लाची राखण

लोखंडी कढईत चिंचेचे सार रात्रभर ठेवू नये, हे स्वयंपाकघराला रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. आम्ल लोखंड खाते. तरीही आज मोटारीच्या रेडिएटरमध्ये पोलाद वाचवण्यासाठी पाण्यात मुद्दाम घालतात ती सेंद्रिय आम्लेच: बेंझोइक, सेबॅसिक, अझेलाइक. घालण्याआधी अल्कलीशी संयोग घडवून त्यांचा क्षार करतात, एवढेच. दाहक हायड्रोजन आयन निघून जातो आणि आम्लाचा उरलेला भाग राखणीला बसतो.

ही राखण कशी चालते, ते समजायला केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स यांनी 1920च्या दशकात अभ्यासलेला एक थेंब पुरेसा आहे. घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. कडेला हवेतला प्राणवायू सहज पोचतो. तिथला धातू शाबूत राहतो. मधोमध तो कमी पोचतो. तिथला धातू विरघळतो. गंज साचतो तो दोहोंमधल्या कड्यात. ज्या प्राणवायूमुळे मधला भाग झिजतो, तोच कडेचा ऑक्साइडचा पापुद्रा जपत असतो. लोखंडाचा शत्रू कोण, या प्रश्नाचे सोपे उत्तर इथेच हातून सुटते.

बेंझोएटचे, म्हणजे बेंझोइक आम्लाच्या क्षाराचे, काम या पापुद्र्यावरच चालते. काही नॅनोमीटर जाडीचा हा थर जिथे फाटतो, तिथून लोहाचे आयन बाहेर पडू लागतात. आम्लाचा मूलक त्यांना तिथल्या तिथे धरतो, पाण्यात न विरघळणारे संयुग बनवतो, आणि त्या आडोशाला प्राणवायू थर पुन्हा विणतो. म्हणून प्राणवायू काढून टाकलेल्या पाण्यात बेंझोएट हतबल असते, आणि पाणी आम्लधर्मी झाले तरीही. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की बाहेरून आलेला पदार्थ लोखंडाला झाकत नाही. लोखंडाची स्वतःची खपली धरू देतो.

याच केंब्रिजमध्ये जे. ई. ओ. मेन यांनी रंगांविषयीची एक जुनी समजूत मोडली. जवसाच्या तेलात शेंदूर खलून केलेला रंग पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाला लावला जात होता. हा रंग पाणी आणि हवा अडवतो, असे सगळे धरून चालले होते. मेन यांनी मोजून दाखवले की रंगाच्या थरातून दोन्ही गंजायला पुरेल इतके आत शिरतात. मग लोखंड टिकते कशामुळे? तेलातली मेदाम्ले आणि शेंदरातले शिसे मिळून साबण बनतो, हवापाण्याने तो साबण तुटतो, आणि त्यातून अझेलाइक आम्लाचा शिसेक्षार पाझरतो. गंज थोपवायला त्याची अगदी थोडी मात्रा पुरते. रंगाऱ्यांनी नकळत सेंद्रिय आम्लाचा कारखानाच पत्र्यावर थापला होता. शिसे विषारी, म्हणून तो रंग मागे पडला; त्याने शिकवलेले रसायन मात्र मागे पडू नये.

विषाचा प्रश्न पाण्यातल्या उपचारातही होताच. क्रोमेट या विषारी क्षाराइतके प्रभावी आणि स्वस्त दुसरे काही नव्हते. कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावाजवळच्या वायुवाहिनीच्या केंद्रात 1952 ते 1966 या काळात कूलिंग टॉवरच्या पाण्यात ते वापरले गेले. ते पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडले आणि भूजलात उतरले. त्याबद्दलच्या दाव्यात 1996मध्ये 33 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड झाली. सेंद्रिय आम्ले क्रोमेटपेक्षा कितीतरी अधिक मात्रेत घालावी लागतात. तो खर्च सोसावा, असे मला ठामपणे वाटते.

सेबॅसिक आम्ल तर एरंडेल कॉस्टिक सोड्याबरोबर तापवून मिळते, आणि जगात सर्वाधिक एरंडी भारतात, त्यातही गुजरातेत पिकते. पण अडचणी आहेतच. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड पापुद्र्यातल्या त्याच कमकुवत जागा बळकावते. चुन्याच्या पाण्यात लांब साखळीची आम्ले कॅल्शियमबरोबर साका होऊन बसतात. शिवाय उघड्या टॉवरमध्ये पाणी सतत उडते, बदलते, आणि जिवाणूंना ही आम्ले अन्न म्हणून चालतात. ज्या गुणामुळे ती माणसाला सौम्य, त्याच गुणामुळे ती तिथे फार टिकत नाहीत. म्हणून त्यांची खरी जागा बंद फेऱ्यातल्या पाण्यात आहे, जिथे मात्रा मोजता येते आणि कमी पडली तर भरून काढता येते.