सावलीवर खटला कशाला?

उपनगरातल्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत पार्किंग आणि गळती यांच्या खालोखाल हमखास निघणारा विषय म्हणजे झाडं. मुलुंड असो की बोरिवली, घाटकोपर असो की अंधेरी, तक्रारीचा सूर एकच असतो : ‘या झाडाखाली काही म्हणजे काही उगवत नाही, जरा छाटून घ्या.’ मग पावसाळ्याआधीच्या छाटणीचं निमित्त साधून आंब्याचा, जांभळाचा, विलायती शिरीषाचा अर्धा डोलारा उतरवला जातो. मोकळ्या झालेल्या उन्हात हिरवळ अंथरली जाते, कडेने गुलाबाच्या आणि झेंडूच्या कुंड्या मांडल्या जातात. पुढच्या पावसाळ्यात झाड पुन्हा फुटतं, सावली परत येते, हिरवळ पिवळी पडते, गुलाब काड्या होऊन उभे राहतात आणि सभेत तोच विषय पुन्हा निघतो.

यात झाडाचा काय दोष? उन्हात वाढणारी रोपं सावलीत लावायची, ती मेली की सावलीला शिक्षा करायची, असा हा उफराटा न्याय आहे. जागा पाहून रोप निवडावं, एवढा साधा विवेक आपण गुंडाळून ठेवला आहे. त्याची किंमत मात्र पन्नास-साठ वर्षं उभी असलेली झाडं चुकवतात.

आणि सावली काय फक्त झाडांचीच पडते? मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो. त्या कालखंडाच्या दोन्ही टोकांना ‘शून्य सावली दिवस’ येतो. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर चढतो. म्हणजे ६० मीटर उंच इमारतीची सावली त्या दिवसांत दुपारी उत्तरेकडे सुमारे ५५ मीटर लांब पडते. रीडेव्हलपमेंटच्या या काळात दक्षिणेला टॉवर उभा राहिला, की उत्तरेकडच्या आवाराचं हिवाळ्यातलं ऊन जवळजवळ संपतं. ते ऊन आंब्याच्या फांद्या तोडून परत येणार नाही. तरीही कुऱ्हाड आंब्यावरच चालते, कारण टॉवरला हात लावता येत नाही आणि झाड तक्रार करत नाही.

सावली म्हणजे वाया गेलेली जागा, ही समजूत आपली नव्हेच. उपनगरात राहणाऱ्या हजारो कुटुंबांचं मूळ गाव कोकणात आहे. तिथल्या वाडीत नारळ-पोफळीच्या सावलीत केळ, पोफळीच्या खोडावर मिरवेल, खाली हळद अशी पिकांची रचना पिढ्यान् पिढ्या चालत आली. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तीच रीत शास्त्रशुद्ध करून नारळाच्या बागेत मिरी, जायफळ, दालचिनी लावण्याची ‘लाखी बाग’ शेतकऱ्यांपुढे ठेवली. केळवे-माहीमकडचे पानमळे तर सावलीवरच उभे आहेत. नागवेलीला भर ऊन सोसत नाही. ज्यांच्या आजोबांनी सावलीत पीक काढलं, त्यांच्या नातवांना सोसायटीच्या सावलीत काहीच उगवत नाही असं वाटावं, हे आश्चर्यच म्हणायचं.

एवढं लांबही जायला नको. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे सुमारे १०० चौरस किलोमीटरची जिवंत शाळा आहे. पहिल्या पावसानंतर तिथे झाडांखालची जमीन रिकामी राहत नाही. रानहळद उगवते, पेव उगवतो, शेवळं जमिनीतून वर येतात, ओल्या कपारींत नेचे उलगडतात. आठ वर्षांनी फुलणारी कारवीही याच डोंगरउतारांवर वाढते. २०१६ आणि २०२४ ही तिच्या बहराची वर्षं. पावसाळ्यात स्टेशनाबाहेर आदिवासी बाया शेवळं आणि सोबत काकडं घेऊन बसतात, ती सारी माया सावलीतल्या मातीचीच. अर्थात उद्यानातून रोपं उपटून आणणं हा गुन्हा आहे, ते कुणी करू नये. शिकून यावं आणि रोपं नर्सरीतून घ्यावीत.

नर्सरीत जाण्याआधी एक काम करावं. सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमारास आवारात फिरून कुठे किती वेळ ऊन येतं ते कागदावर मांडावं. सावलीचे प्रकार त्यातून आपोआप वेगळे होतात.

दोन-तीन तास कोवळं ऊन येत असेल, तर तिथे अनंत, अबोली, कोरांटी, अडुळसा, कढीपत्ता लावता येतो. नळाजवळची ओलसर जागा सोनटक्क्याची. पावसाळ्यात त्याचा वास जिन्यापर्यंत येतो. पानांतून गाळून येणारा उजेड असेल, तर हळद, आलं, अळू, पानओवा आणि भिंतीच्या आधाराने नागवेल किंवा मिरवेल. टॉवरच्या पायथ्याशी, जिथे ऊन पोचतच नाही पण उजेड आहे, तिथे नेचे, मनी प्लांट, सिंगोनियम, अग्लोनेमा, स्नेक प्लांट. डिफेनबेकिया मात्र लहान मुलांच्या आणि मांजरांच्या वाटेत नको, त्याचा रस तोंडात गेला तर जीभ सुजते. नवं झाड लावायचं असेल, तर कंपाउंडच्या भिंतीलगत सरळसोट वाढणाऱ्या खोट्या अशोकाऐवजी सीताअशोक लावावा. सह्याद्रीच्या मोठ्या वृक्षांखाली वाढणारं हे झाड, त्याला सावलीचं वावडं नाही.

मोठ्या झाडाखाली लावताना खोल खणू नये, मुळं तुटतात. खोडाशी मातीचा ढीग करू नये. पाणी थोडं जास्त घालावं, कारण वरच्या झाडाची मुळंही तेच पाणी पितात. आणि गळलेली पानं झाडून कचऱ्याच्या गाडीत टाकण्यापेक्षा तिथेच पसरू द्यावीत. २०१७ मध्ये पालिकेने मोठ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. त्या खताला यापेक्षा योग्य जागा कोणती?

आता आक्षेपांकडे वळू. फांद्या पडून माणसं दगावतात, ही भीती खरी आहे. वाळलेली, किडलेली, धोकादायक फांदी काढलीच पाहिजे, तीही पालिकेच्या परवानगीने आणि जाणत्या हातांनी. पण झाड एका बाजूने बोडकं केलं की तोल जातो, आणि कापल्या जागी फुटणाऱ्या नव्या फांद्या कच्च्या जोडाच्या असतात. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. धोका वाढवणारी कामं आपणच करायची आणि नंतर धोक्याचं कारण पुढे करायचं, हे प्रामाणिकपणाचं नाही. डासांचंही तसंच. डेंग्यूचा डास सावलीत अंडी घालत नाही, साठलेल्या पाण्यात घालतो. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्याला रिकाम्या केल्या तर तो प्रश्न सुटतो.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. सावली कोणाच्या कामी येते? एसी लावून बसलेल्या सभासदाचं झाड तुटल्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते गेटवर बारा तास उभ्या असलेल्या वॉचमनचं, भिंतीलगत टेबल मांडलेल्या इस्त्रीवाल्याचं, पार्सल घेऊन आलेल्या पोराचं, संध्याकाळी बाकावर टेकणाऱ्या आजी-आजोबांचं. यांतल्या बहुतेकांना सभेत मत नाही. आणि त्यांची सावली काढून आपण काय मिळवतो? ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लावलेला गवताचा एक तुकडा. आपल्या नजरेच्या हौसेसाठी दुसऱ्याच्या डोक्यावरचं छत्र काढणं हा अन्याय आहे आणि बहुमताने ठराव झाला म्हणून तो न्याय ठरत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालापासून लागू आहे आणि खासगी आवारातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. पण कायदा फार तर कुऱ्हाड रोखेल. सावलीत काय लावायचं हे आपल्यालाच ठरवावं लागेल, आणि ते ठरवायची जागाही ठरलेली आहे : सप्टेंबरअखेरपर्यंत होणारी वार्षिक सर्वसाधारण सभा. तिथे चार गोष्टींचा ठराव मांडा. धोक्याचं कारण लेखी नोंदवल्याशिवाय छाटणीचा अर्ज जाणार नाही. प्रत्येक बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी राहील. हिरवळीच्या दुरुस्तीचा खर्च यापुढे सावलीतल्या रोपांवर होईल. आणि झाडाविषयी निर्णय घेण्यापूर्वी त्याच्या सावलीत काम करणाऱ्यांना विचारलं जाईल. हात वर करून मंजूर करायला पाच मिनिटं लागतील.