परिचय आणि कर्तव्य

ज्या प्राण्याला आपण कधीं पाहिलेंही नाहीं, त्याच्यासंबंधीं आपणांवर कांहीं कर्तव्य असतें काय? हा प्रश्न मीं वर्गांत अनेक वर्षें चर्चिला आहे. प्राण्याला विचार करतां येतो कीं नाहीं हें न पाहतां त्याला वेदना होतात कीं नाहीं हें पाहावें, असा विचार बेंथमनें १७८९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मांडला. तो समजावून देतांना गोठा पाहिलेला असण्याची जरूर मला कधीं भासली नाहीं. आणि पन्नाशी उलटेपर्यंत मीं तो पाहिलाही नव्हता.

गेल्या मार्गशीर्षांत पुरंदर तालुक्यांतील एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतावर जाण्याचा योग आला. पांच संकरित गाई गव्हाणींत तोंड घालून उभ्या होत्या. त्यानें प्रत्येकीचें नांव सांगितलें. कोणती मायाळू, कोणती लाथ मारणारी, हेंही सांगितलें. कोपऱ्यांत निराळ्या दाव्याला आठ दिवसांचें एक वासरूं होतें. मीं हात पुढें करतांच तें माझीं बोटें चोखूं लागलें.

"ह्याचें नांव काय?"

"गोऱ्हा आहे, सर. गोऱ्ह्याला नांव देत नाहीं आम्ही."

पुढें त्याचें काय होतें, असें विचारतां तो खालीं पाहून म्हणाला, "दुधाचा भाव तुम्ही पाहतां, कडब्याचा मी पाहतों."

प्रथम मला त्याचा राग आला. परतीच्या वाटेवर मात्र विचार पालटला. व्याल्यावांचून गाय दूध देत नाहीं आणि वासरांपैकीं सुमारें निम्मीं नर असतात. पूर्वीं खोंड औताला लागे. आतां ट्रॅक्टर आला, आणि संकरित खोंडाला जूं पेलण्याजोगें वशिंड नसतें. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गाईच्या व २०१५ च्या दुरुस्तीनें बैलांच्याही कत्तलीस बंदी झाली. परंतु मारूं नये असें सांगणारा कायदा वैरण पुरवीत नाहीं. बहुधा कालवडीच व्हाव्या अशी रेतनाची सोय आतां निघाली आहे. पण तिलाही पैसा लागतो. म्हणजे माझ्या चहांतील दुधाच्या किंमतींत जें धरलेलें नाहीं, तें तो गोऱ्हा आपल्या उपासानें भरून देतो.

कोणी म्हणेल, बोटें चोखल्यानें उपजलेली ही दया म्हणजे केवळ भावविवशता होय. तसें मला वाटत नाहीं. मीं हात पुढें केला नसता म्हणून त्याची भूक कांहीं कमी झाली नसती. परिचयानें कर्तव्य जन्मास येत नाहीं. तें आधींपासून असतेंच. परिचय फक्त आपली सबब हिरावून घेतो.

मीं दूध सोडलेलें नाहीं. दुधाचा दर वाढला म्हणजे कुरकुर करण्याचा माझा हक्क मात्र त्या गोठ्यांतच राहून गेला.